तिसरा ठिपका

गेल्या महिन्यात मुरबाड रस्त्यावरच्या एका फार्महाउसचा तरुण मालक जुनी गाडी विकत घ्यायला आमच्या अंगणात आला. भोपळ्याच्या वेलाखाली वर्षानुवर्षं निपचित पडलेल्या आमच्या नाकवाल्या ट्रकभोवती त्यानं तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "काका, क्लासिक आहे हो!" आमच्या घरात त्या गाडीला पुष्कळ नावं मिळाली होती. खटारा, अवदसा, आणि आईचा पारा चढला की 'तुमची दुसरी'. क्लासिक मात्र पहिल्यांदाच ऐकलं. पोरगा चांगल्या पँटची पर्वा न करता गाडीखाली सरपटत गेला, मोबाइलची बत्ती लावून मागच्या चाकांच्या मधोमध बराच वेळ काहीतरी बघत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मागचा एक्सल पूर्ण खोलून बांधावा लागणार. व्हिडिओ आहेत सगळे. काय करू काका, घरीच करू की मिस्त्री लावू?"

मी कोणत्याही विषयावर न विचारता सल्ला देणारा माणूस. बोअरवेल कुठं लागेल, रक्तदाबाला काय खावं, लग्नात कोणाला कुठं बसवावं, सगळं मला येतं. पण त्या प्रश्नावर मी भोपळ्याचं एक पान खुडलं आणि ते चुरत उभा राहिलो. त्यात तो पुढं म्हणाला, "आणि त्या गोळ्याच्या कडेला दोन ठिपके ठोकलेत, शेजारी कानशीनं घासल्यासारखी जागा आहे. ती काय भानगड?" मी म्हटलं, "चहा घेशील ना?" आणि आत निघून गेलो. सुनेनं चहा ठेवला, उकळला, उतू गेला, तरी मी चुलीपाशीच उभा होतो. तेव्हा ठरवलं की हे प्रकरण लिहायचं. आजवर माझ्या फजित्यांचे किस्से मी गावभर सांगत आलोय आणि लोक हसत आलेत. हा एक किस्सा तेवढा कोणाला सांगितलेला नाही, कारण यात फजिती माझी झालीच नाही. दुसऱ्याची झाली.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधलं. धंदा गवताचा. भातकापणी उरकली की माळावरचं गवत कापायचं, अंगणातल्या प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि ट्रकवर रचून कल्याणकडच्या तबेल्यांना पोचवायच्या. चार माणसं प्रेसचा दांडा ओढायची तेव्हा असा करकराट व्हायचा की शेजारच्या पाड्यावर लोक म्हणत, "उठा, हरीभाऊचं गवात वराडतंय." हरीभाऊ म्हणजे आमचा बा. उंच, कमी बोलणारा, गाडी स्वतः चालवणारा. घरभर गवताचा वास असे. भातात गवताची काडी निघायची, अंथरुणात निघायची, एकदा तर माझ्या शाळेच्या गुणपत्रिकेत निघाली, आणि तिच्यात तेवढीच एक वाचनीय गोष्ट होती. आईचं राज्य चुलीवर आणि कोंबड्यांवर. आमच्याकडं एका तुकड्यात लाल तांदूळ व्हायचा, गावात दुसरं कोणी तो लावत नसे. त्याच्या भाकऱ्या, सोबत भाजलेली सुकट, कधी वालाचं बिरडं. आणि गिरणीतून परत येणारा त्या तांदळाचा लालसर कोंडा आई पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवायची, कोंबड्यांसाठी. त्या डब्याला हात लावलेला तिला खपत नसे. हा डबा लक्षात असू द्या.

मी तेव्हा विशीतला. ठाण्याला सहा महिन्यांचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आलो होतो. आता विचार करतो तेव्हा वाटतं की त्या सहा महिन्यांत मी दोनच गोष्टी पक्क्या शिकलो: भांग उलट्या बाजूला पाडणं आणि "टेक्निकली बघितलं तर" असं म्हणून वाक्य सुरू करणं. शिवाय तिथं कोणा वक्त्याचं अंधश्रद्धेवर भाषण ऐकलं होतं. ते मला इतकं चढलं की परत आल्यावर मी आठवडाभर गाडीच्या नाकावरचं लिंबू-मिरची काढून टाकायचो आणि आई गुपचूप नवं बांधायची. अशी ती तयारी.

मुरबाडच्या नाक्यावर चिंचेखाली धोंडू मिस्त्रीची शेड होती. बुटका, जाड भिंगाचा चष्मा, डाव्या हाताच्या करंगळीला नख नाही. ट्रकच्या मागच्या एक्सलचं काम त्यानंच करावं, असं सारा तालुका मानायचा. मागच्या चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा लोखंडी गोळा असतो. त्यात दोन दातेरी चक्रं, एक मोठं आणि एक छोटं, दातात दात घालून फिरतात आणि इंजिनाचं बळ चाकांना देतात. त्या दोन चक्रांत अंतर किती ठेवायचं, यावर सगळा खेळ. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ते अंतर जुळवतात. एखादी चकती कमी-जास्त झाली की गाडी आधी गुणगुणते, मग रडते, मग दात गळतात. मिस्त्रीची पद्धत अशी की काम झालं की त्या गोळ्याच्या कडेवर पंच नावाच्या टोकदार पोलादी खुंटीनं एक ठिपका ठोकायचा. तोच त्याचा शब्द. ठिपका असलेली गाडी बिघडली तर तो एकही प्रश्न न विचारता पुन्हा बांधून द्यायचा. आमच्या गाडीवर दोन ठिपके होते.

दुसरा ठिपका पडला तेव्हा बानं मला शिकायला म्हणून तिथं बसवलं होतं. मिस्त्रीनं मला दोन दिवस रॉकेलच्या घमेल्यात नटबोल्ट धुवायला लावले. मी, सर्टिफिकेटवाला! तिसऱ्या दिवशी पाहतो तर मिस्त्रीनं खोबरेल तेलाच्या जुन्या डबीतून शेंदूर काढला, तेलात कालवला, चक्राच्या दातांना बोटानं लावला, आणि डोळे मिटून, ओठ हलवत, हळूहळू चक्र फिरवायला लागला. मी थक्क. समोरच मारुतीच्या देवळापाशी पूजेच्या सामानाचं दुकान, शेंदूर तिथलाच. झालं, माझ्या डोक्यात दिवा पेटला. मिस्त्री चक्राची पूजा करतोय आणि मंत्र पुटपुटतोय!

तिथून उठलो तो थेट भिवाच्या चहाच्या टपरीवर. भिवा माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठा, नाक्यावरची प्रत्येक बातमी त्याच्या किटलीतून जायची. तिथं मी डोळे मिटून, ओठ हलवून, बशीला शेंदूर लावायची अशी हुबेहूब नक्कल केली की लोकांच्या नाकातून चहा आला. "ट्रकला मारुती केलाय मिस्त्रीनं," मी म्हटलं, "आता शनिवारी तेल घाला!" नक्कल माझी खरंच चांगली. पुढं महिनाभर मी नाक्यावर दिसलो की कोणीतरी म्हणायचं, "अरं वश्या, पूजा दाखव ना." मी दाखवायचो. शेड टपरीपासून वीस पावलांवर होती.

पुढच्या मोसमाच्या तोंडाशी गाडी पुन्हा गुणगुणायला लागली. बा सिद्धगडाखालच्या गावांत उभं गवत बघायला आठ दिवस निघाला होता. जाताना म्हणाला, "वश्या, गाडी धोंडूकडं ने. बेअरिंग गेलंय. पहिली खेप मी आल्यावर." मी हो म्हटलं. आणि बा वळणाआड होताच गाडी खळ्यावर घेऊन जॅक लावला. आईनं विचारलंच तर 'मिस्त्रीनं सांगितलेलं काम' हे उत्तर तयार होतं. माझा बेत साधा होता. एक्सल स्वतः बांधायचा, महिनाभर गाडी नीट चालू द्यायची, आणि मग एके दिवशी जेवताना सहज सांगायचं, "बा, ते काम मी केलंय." बाचा घास हातात राहील, आई पदर तोंडाला लावेल. हे दृश्य मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की काम त्यापुढं किरकोळ वाटत होतं.

पाच दिवस लागले. गोळा खाली घेताना तो माझ्या अंगठ्यावर बसला, त्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. नवं बेअरिंग बसलं. चकत्या मात्र काढताना कोणती कुठली ते लिहून ठेवायला विसरलो. टेक्निकली बघितलं तर हे आवश्यक होतं. मग अंदाजानं घातल्या. शेंदूर? छे, आपण अंधश्रद्धा पाळत नाही. गोळा चढवला, गाडी सुरू केली, आणि गुणगुण होती ती आता कुत्र्याच्या पिल्लासारखी कुंईकुंई करायला लागली. पुन्हा खोलायला अंगात त्राण नव्हतं, बा दोन दिवसांत येणार होता. तेव्हा आठवलं की ड्रायव्हर लोक सांगतात, जुनी गाडी विकायची असली तर तेलात लाकडाचा भुसा टाकतात, आवाज बसतो. भुसा कुठून आणायचा? आई ओढ्यावर गेली होती. मी पत्र्याचा डबा उघडला आणि चांगला दोन शेर कोंडा एक्सलच्या तेलात ओतला.

आवाज बसला! मी खळ्यावर एकटाच नाचलो. मग एक गोष्ट राहिली. बा गाडीखाली वाकून ठिपका बघणार. माझ्या कोर्सच्या पेटीत नवा कोरा पंच होता. मी दोन ठिपक्यांच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर, तिसरा ठोकला. एकच घाव. त्या घावाचा आवाज टण्णकन असा काही घुमला की कोंबड्या उडाल्या. लबाडी केली असं तेव्हा वाटलं नाही. काम झाल्यासारखं वाटलं.

बा आला, वाकला, ठिपका पाहिला, मान हलवली. संध्याकाळी आई कोंबड्यांपुढं उभी राहून ओरडत होती, "कोंडा अर्ध्यावर कसा गेला रं? उंदीर हायत की रेडं?" मी म्हटलं, "उंदीरच."

पहिली खेप निघाली ती मुरबाडच्या बाजारादिवशी. गाठी आभाळाएवढ्या रचलेल्या, बा चाकावर, मी शेजारी. नाक्याच्या चढाला बानं गिअर बदलला आणि मागून असा आवाज आला की जणू कोणी दगडी पाटा कुऱ्हाडीनं फोडला. मग खडखडाट, मग गाडी उभी. भाजीवाल्या, बोंबीलवाल्या, बैल घेऊन आलेले, सगळे जमले. बा खाली उतरला, वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला. मग सरळ होऊन चिंचेकडं तोंड करून त्यानं हाक मारली. माझा कमी बोलणारा बा इतक्या मोठ्यानं ओरडू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"धोंडू! अरं ये इकडं! बघ तुझा ठिपका!"

मिस्त्री हात पुसत आला. गाडीखाली गेला, बाहेर आला, चष्मा पुसला. म्हणाला, "हरीभाऊ, ही गाडी औंदा माझ्याकडं आलीच नाय."

"तीन ठिपके हायत. मी आंधळा नाय."

"दोन माझे. तिसरा माझा नाय. माझ्या पंचाचं टोक तुटकं, माझ्या ठिपक्याला बारीक शेपटी असते. वाकून बघा."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "वा मिस्त्री! गाडी फुटली आन् ठिपक्याला शेपटी फुटली होय?" लोक हसले. दुसरा म्हणाला, "पूजा चुकली आसंल, मिस्त्री! शेंदूर कमी पडला!" पुन्हा हशा. हा विनोद माझा होता. मी तो ओळखला, जसा माणूस आपली हरवलेली शेळी दुसऱ्याच्या दावणीला ओळखतो.

बानं माझ्याकडं पाहिलं. "वश्या, गेलतास ना रं मिस्त्रीकडं?"

सगळा बाजार माझ्याकडं बघत होता. मिस्त्रीही बघत होता, जाड भिंगांतून, डोळे मोठे दिसत होते त्याचे. रागावलेला नव्हता. वाट बघत होता. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ खोटं बोललो, बायकोशी, सावकाराशी, देवाशी. पण त्या दिवशीच्या त्या एका शब्दाएवढं महाग कुठलंच पडलं नाही.

"गेलतो," मी म्हणालो. "पाच दिवस गाडी हितंच होती."

मिस्त्रीनं बाह्या वर सारल्या. फक्त म्हणाला, "ठिपका बघून गाडी आली, परत नाय धाडणार." गाठी उतरवल्या, जॅक लागला, आणि तेल काढायला त्यानं गोळ्याखालचा बोल्ट सोडला. तेल धड येईना. मग काळा, चिकट लगदा घमेल्यात थबथब पडायला लागला. मिस्त्रीनं त्यातली एक गाठ उचलली, बोटांत फोडली. आतून लालसर कोंडा निघाला. त्यानं वास घेतला आणि ती गाठ बाच्या तळहातावर ठेवली.

बानं ती अंगठ्यानं चोळली, गिरणीत तांदूळ चोळून बघतात तशी. त्या लाल तांदळाचं पीक पंचक्रोशीत एकाच घरी होतं. बाचा चेहरा बघायचं धाडस मला झालं नाही, मी त्याचा हात बघत होतो. हात मिटला. मग बानं तो लगदा धोतराला पुसला आणि म्हणाला, "करून टाक, मिस्त्री." एवढंच. गर्दीला काही कळलं नाही. कळलं ते तिघांना, आणि तिघांपैकी दोघं एकाच घरचे होते.

मिस्त्रीनं मोडीत काढलेल्या एका गाडीची जपून ठेवलेली दातेरी जोडी आणली. दुपारपर्यंत बांधणी झाली. मग त्यानं हाक मारली, "ये रं वश्या. पूजेला बस." आजूबाजूचे हसले. त्यानं खोबरेलची डबी माझ्या हातात दिली. "लाव." मी दातांना शेंदूर लावला. निम्मा माझ्याच मनगटाला लागला. "आता फिरव. हळू. दात मोज. मी पण मोजतो, म्हणून ओठ हलतात." मी मोजत फिरवलं. मग त्यानं बत्ती धरली. दातांच्या बरोबर मध्यावर शेंदूर पुसला गेला होता, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, आणि बाकी सगळीकडं तसाच होता. "हितं पुसला पायजे. कडेला पुसला तर चकती बदलायची. नाय बदलली तर दात तुटतो." थोडं थांबून म्हणाला, "मला त्यात देव नाय दिसत. दात दिसतात."

शेवटी तो कानस घेऊन गाडीखाली गेला. तिसरा ठिपका घासून टाकला. नवा ठोकला नाही.

बानं गाठी पुन्हा चढवल्या, तबेल्यावर पोचवल्या आणि गाडी घरी आणली. रात्री ताटावर बसला, भाकरी मोडली आणि आईला विचारलं, "कोंबड्यांना काय घालतेस गो सध्या?"

"काय घालनार? कोंडा कोनी नेला देव जाने."

"देव नाय नेला," बा म्हणाला आणि जेवत राहिला. मला म्हणाला, "उद्या धोंडूकडं जा."

गेलो. चालत गेलो, वाटेत भाषण जुळवत. शेडमध्ये मिस्त्री एकटाच होता, नटबोल्ट धूत. मी तोंड उघडलं आणि त्यानं ओला हात वर केला. "मला नको सांगू. मला ठाव हाय." मग टपरीकडं मान वळवली. "तिकडं जाऊन सांग. नाक्यावर. जिथं नक्कल केलीस तिथं."

वीस पावलं होती. मी टपरीपर्यंत गेलो. भिवानं चहा ओतला आणि म्हणाला, "काय रं, मिस्त्रीचा ठिपका फुटला म्हणं?" मी चहा प्यालो. चांगला होता. ग्लास ठेवला आणि घरी आलो.

त्या मोसमापासून 'मिस्त्रीचा ठिपका' हा नाक्यावरचा वाक्प्रचार झाला. नवरा पळाला, पूल खचला, पुढारी पडला, की लोक म्हणायचे, "मिस्त्रीचा ठिपका होता वाटतं!" ट्रकवाले कल्याणकडच्या नव्या गॅरेजला जायला लागले. मिस्त्रीकडं पंक्चर आणि पंपांची कामं उरली. काही वर्षांनी शेड बंद करून तो आटगावला लेकीकडं राहायला गेला. बा पुढं कधी नाक्यावर चहाला थांबला नाही, गाडी सरळ काढायचा. मला त्यानं कधी विचारलं नाही की सांगितलंस का. तो गप्प का बसला, ते मला स्वतः बाप झाल्यावर कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही. मिस्त्री वारल्यावर मी दहाव्याला गेलो. लेकीनं पाणी दिलं, विचारलं, "बाबांची ओळख कशी?" मी म्हटलं, "आमची गाडी बांधली होती त्यांनी." मिस्त्रीच्या त्या बांधणीनंतर एक्सल, गाडी वेलाखाली पडेस्तोवर, कधी बोलला नाही.

एवढं लिहून झाल्यावर वाटलं की फिटलं. मग वाचून पाहिलं आणि लक्षात आलं की मला लिहायला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून परवा बाजारादिवशी मुरबाडला गेलो. चिंच आहे, शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. टपरी भिवाचा नातू चालवतो, भिवा बाकड्यावर बसलेला असतो, ऐकू फार कमी येतं. चहा घेतला. पोरांना विचारलं, धोंडू मिस्त्री माहीत आहे का रे? "कोण मिस्त्री, काका?" कोणालाच माहीत नव्हता. मी भिवाच्या कानाशी वाकून नाव घेतलं. त्याचा चेहरा उजळला.

"धोंडू? ज्याचा ठिपका फुटला तो ना?"

म्हणजे तेवढंच उरलं होतं.

"तो ठिपका माझा होता, भिवा," मी म्हटलं.

"आँ?"

"माझा! मी ठोकला होता!"

"काय ठोकलंस?"

बाजार भरलेला होता. बोंबीलवाल्या बायांनी माना वर केल्या, पोरांनी मोबाइल खाली घेतले, गाठोडी घेऊन एसटीला थांबलेले दहाबारा जण वळून बघायला लागले. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो.

"गाडी मिस्त्रीकडं नेलीच नव्हती! एक्सल मी बांधला होता! मिस्त्री खरं बोलत होता!"

भिवानं बाकड्यावर सरकून जागा केली. मग नातवाला म्हणाला, "दुसरा चहा दे त्याला." आणि मला म्हणाला, "बस. पहिल्यापासून सांग."